राहू द्या तो खोकला

आमच्या शनिवारच्या बैठकीचा नियम साधा आहे. आळीपाळीनं प्रत्येकानं एक अल्बम आणायचा, बाकीच्यांनी शक्यतो न ऐकलेला. सोबत त्या अल्बमच्या रेकॉर्डिंगमध्ये किंवा मैफिलीत झालेली एखादी फजिती शोधून आणायची. फजिती सापडली नाही, तर पुढच्या शनिवारचे पोहे-जिलेबी त्याच्या खिशातून.

बैठक म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. इंदूरच्या रामबागेत आमचं जुनं घर आहे, त्याच्या माडीवर पाच-सहाजण जमतो. मी, माझी बायको, तबला वाजवणारा चुलतभाऊ म्हणजे आमचा दादा, वहिनी, आणि शेजारचे काका. काकांकडे एलपींनी भरलेली दोन कपाटं आहेत. त्यांचं वय पंचाहत्तर, माझं चौतीस. त्यामुळे कोणाचं संगीत 'खरं' यावर पहिले दोन शनिवार भांडणातच गेले. मग फजितीचा नियम आला आणि भांडण मिटलं. कारण चूक ऐकायला सगळ्यांचेच कान सारखे टवकारतात.

सुरुवात बायकोनं केली. तिनं 'द पोलीस' या बँडचं १९७८ सालचं 'रॉक्सॅन' लावलं. गाणं सुरू होण्याआधीच पियानोचा एक भलताच बेसूर आवाज येतो आणि पाठोपाठ कोणीतरी हसतं. झालं असं होतं, की गायक स्टिंग स्टुडिओत पियानोवर टेकायला गेला. झाकण बंद आहे असा त्याचा समज. ते उघडं होतं, आणि स्वारी थेट पट्ट्यांवर बसली. तो आवाज आणि ते हसणं दोन्ही त्यांनी तसंच ठेवलं. काकांनी ते तीनदा लावायला सांगितलं. गाणं नव्हे, फक्त ते बसणं.

दादानं 'लेड झेपेलिन'चं 'ब्लॅक कंट्री वुमन' आणलं. हे लोक १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या एका बंगल्याच्या बागेत रेकॉर्डिंग करत होते. नेमकं डोक्यावरून विमान गेलं. हे विमान टेपवर नको, असं एकजण म्हणतो, आणि दुसरा म्हणतो राहू दे. विमान, तो संवाद, सगळं १९७५ च्या 'फिजिकल ग्राफिटी' या अल्बमवर आजही आहे.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग काकांची पाळी आली आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

काकांनी आणली होती माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. त्यांच्या भावानं सत्तरच्या दशकात अमेरिकेहून आणलेली एलपी. जॅझमधला सर्वांत प्रसिद्ध अल्बम हाच, त्यामुळे तो माझ्या फोनवरही होता. सहज म्हणून मी फोनवर तेच गाणं लावलं, तर दोन्हींचा सूर जुळेना. एलपी किंचित चढी वाजत होती, थोडी जलदही. दादानं कीबोर्ड काढला आणि म्हणाला, "ही एलपी कुठल्याच पट्टीत नाही. दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी आहे."

मी साहजिकच काकांच्या टर्नटेबलला दोष दिला. "काका, तुमचं मशीन जोरात फिरतंय." काका दुखावले. काही न बोलता त्यांनी एलपी उलटली आणि दुसरी बाजू लावली. ती माझ्या फोनशी तंतोतंत जुळली. मशीन तेच, सुई तीच, मग एकच बाजू कशी चढी?

उत्तर न्यूयॉर्कमध्ये होतं. अल्बम १९५९ साली कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत दोन दिवशी रेकॉर्ड झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल. पहिल्या दिवशी मुख्य टेप मशीन जरा सावकाश फिरत होतं. सावकाश फिरणाऱ्या टेपवर रेकॉर्ड केलेलं संगीत योग्य वेगानं वाजवलं, की ते जलद आणि चढं ऐकू येतं. पहिली बाजू पूर्णपणे त्या दिवसाची. हे कोणाच्या लक्षात आलं नाही किंवा आलं तरी सुधारलं गेलं नाही, आणि तीसहून अधिक वर्षं जगानं ती बाजू चढ्या सुरातच ऐकली. एलपीबरोबर वाजवून शिकणाऱ्या मुलांना आपलं वाद्य त्या बाजूशी नीट जुळवता येत नसे. १९९२ च्या आवृत्तीत ते सुधारलं. त्या दिवशी खबरदारी म्हणून बाजूला दुसरं मशीनही चालू ठेवलेलं होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. त्या राखीव टेपवरून पहिली बाजू नव्यानं तयार केली गेली.

शिवाय सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन गाण्यांची नावंही लेबलवर उलटसुलट छापली गेली होती. एवढ्या गोंधळातून बाहेर पडलेला अल्बम आज जॅझ शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पहिल्यांदा ठेवला जातो.

ज्यांनी कॅसेटचा काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरोघरी याच्या उलट प्रकार व्हायचा. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की टेप रेंगाळायची आणि लताबाईंचा आवाज पुरुषी व्हायचा. आणि उतरलेल्या सेलवर कोणी घरातलं गाणं रेकॉर्ड केलं असेल, तर नव्या सेलवर ते शाळकरी पोराच्या आवाजात ऐकू यायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या पाळीला मी १९६१ सालचं मार्टी रॉबिन्सचं 'डोंट वरी' आणलं. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं हे साधंसं, संथ गाणं. मध्येच ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज एकदम भुंगा डब्यात कोंडल्यासारखा येतो. मिक्सिंग डेस्कच्या एका चॅनलमधला भाग बिघडला होता. तो आवाज ठेवायचा की नाही यावर स्टुडिओत चर्चा झाली आणि ठेवायचं ठरलं. लोकांना तो इतका आवडला, की इतर वादक तसाच आवाज मागायला येऊ लागले. रेकॉर्डिंग करणारे इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी मग हा बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट बनवलं. १९६२ मध्ये ते पायानं दाबायच्या छोट्या पेटीच्या रूपात बाजारात आलं, आणि १९६५ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या 'सॅटिस्फॅक्शन'मधून तो भुंगा जगभर पोचला. आज कुठल्याही गिटारवाल्याच्या पायाशी 'फझ' नावाची पेटी असते. तिचा पूर्वज म्हणजे तो बिघडलेला चॅनल.

'हा बग नाही, फीचर आहे' ही आम्ही सॉफ्टवेअरवाले गिऱ्हाइकाला मारतो ती जुनी थाप. इथे ती खरी निघाली.

स्टुडिओत निदान ठेवू की काढू हे ठरवता येतं. मंचावर तीही सोय नाही. म्हणून वहिनी नेहमी मैफिलींचे अल्बम आणते. एला फिट्झजेराल्ड १३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिनमध्ये 'मॅक द नाइफ' गात होत्या. गाणं त्यांच्यासाठी तसं नवं होतं आणि मध्येच त्या शब्द विसरल्या. थांबल्या नाहीत. शब्द विसरलेत हेच सुरात सांगत, मनाला येतील ते शब्द जुळवत, लुई आर्मस्ट्राँग यांची नक्कल करत त्यांनी गाणं पार नेलं. तेच रेकॉर्डिंग अल्बमवर आलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं.

दुसरी गोष्ट २४ जानेवारी १९७५ ची, जर्मनीतल्या कोलोनची. पियानोवादक कीथ जॅरेट यांच्यासाठी मोठा पियानो सांगितला होता, आला भलताच छोटा. वरचे सूर किरकिरे, खालचे दुबळे, पेडल नीट चालेना. जॅरेट वाजवायला तयार नव्हते. कार्यक्रम ठरवणारी व्हेरा ब्रँडिस ही मुलगी तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची. तिनं त्यांची मनधरणी केली, ट्यूनर मंडळींनी जमेल तेवढी डागडुजी केली, आणि रात्री उशिरा जॅरेट वाजवायला बसले. वाद्याचा जो मधला भाग धड होता त्यात ते जास्त रमले, डाव्या हातानं एकच लय पुन्हा पुन्हा भरत राहिले. 'द कोल्न कॉन्सर्ट' हा एकल पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक आहे. चांगला पियानो आला असता तर मैफल चांगलीच झाली असती, पण ही झाली नसती.

यावर काका म्हणाले, "आपल्याकडचं काहीच नाही का?" आणि स्वतःच उठून 'महल'ची गोष्ट सांगायला लागले. १९४९ चा चित्रपट, खेमचंद प्रकाश यांचं संगीत. 'आएगा आनेवाला'च्या सुरुवातीला आवाज दुरून जवळ येतो असं भासवायचं होतं. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. माइक खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. गाणं गाजलं, पण रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. ते चित्रपटातल्या मधुबालेच्या पात्राचं नाव! हा आवाज कोणाचा, म्हणून रेडिओकडे पत्रांचा पाऊस पडला, तेव्हा कुठे खरं नाव सांगितलं गेलं. आमच्या इंदुरात जन्मलेली मुलगी, आणि तिच्या पहिल्या मोठ्या गाण्यावर नाव भलत्याच बाईचं.

नावावरून आठवलं. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. गाणं संपताच त्या इंग्रजीत आपलं नाव सांगतात. आज ऐकताना हसू येतं, पण त्याला कारण होतं. रेकॉर्ड दाबायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना हिंदुस्थानी गाणं काय कळणार? कोणाचं लेबल लावायचं हे कळावं म्हणून कलाकारांनीच नाव सांगून ठेवायचं.

आमच्या स्वतःच्या खात्यावरही एक फजिती जमा आहे. एका गणेशोत्सवात आवाजाची व्यवस्था माझ्याकडे होती. एक काकू भावगीत गात होत्या, सुरेख रंगलं होतं. मंडपाला लागूनच चहाची गाडी उभी होती आणि मंचाच्या कडेचा एक माइक मी तिकडेच तोंड करून ठेवला होता. दोन कडव्यांमधल्या शांततेत पूर्ण मंडपभर घुमलं, "एक सौ बीस रुपये प्राप्त हुए!" चहावाल्याच्या पेमेंटच्या डब्याचा आवाज. काकू थांबल्या, प्रेक्षकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मिळाले ना? मग पुढचं कडवं गाते." त्या संध्याकाळचं चित्रीकरण दोन तासांचं आहे. पण आजही लोक माझ्याकडे मागतात ती तेवढीच वीस सेकंदं.

हे सगळं हसत हसत सांगतोय, पण या बैठकी सुरू होण्यामागचं कारण हसण्याचं नव्हतं.

आमच्या घरात एक कॅसेट होती. १९८८ च्या दिवाळीत याच माडीवर रेकॉर्ड केलेली. आजी गातेय, आजोबा पेटीवर. आजोबांना घरात सगळे अण्णा म्हणायचे. त्यांना दमा होता, त्यामुळे टेपमध्ये मधूनमधून त्यांचा खोकला होता. खाली स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होती. एकदा अण्णा हळूच "हं, पुन्हा" म्हणाले होते. आणि सगळ्याच्या तळाशी जुन्या टेपची खरखर.

२०१४ मध्ये मला नवीन नोकरी लागली होती आणि नवा लॅपटॉप होता. मी ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. घरच्यांना काहीतरी झकास करून दाखवायचं होतं. आवाज साफ करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी शांत जागेचा एक तुकडा दाखवायचा असतो. हा कचरा आहे असं सांगायचं, मग सॉफ्टवेअर तसला आवाज सगळीकडून वजा करतं. खरखर गेली. मग मी खोकले एकेक करून कापले. कुकर कापला. "हं, पुन्हा"ही कापलं. उरलं आजीचं गाणं आणि पेटी. सगळ्या नातेवाइकांना पाठवलं, सगळ्यांनी शाबासकी दिली. अण्णांनी कानाला फोन लावून ऐकलं आणि "स्वच्छ झालंय" एवढंच म्हणाले. मला ती दाद वाटली.

मूळ फाइल फार मोठी होती. जागा पुरेना म्हणून मी ती डिलीट केली. कॅसेटला पावसाळ्यात बुरशी आली, आता डिजिटल आहे ना, म्हणून तीही टाकून दिली. माझं कामच चुका शोधून काढून टाकण्याचं आहे. ते मी चोख केलं होतं.

२०१९ मध्ये अण्णा गेले. त्यानंतरच्या दिवाळीत, रात्री सगळे झोपल्यावर, बाबा माझ्या खोलीत आले. म्हणाले, "अरे, त्या टेपमध्ये अण्णांचा खोकला होता बघ. तेवढा लाव."

मी काय लावणार होतो?

अण्णांचे फोटो आमच्याकडे पुष्कळ आहेत. आवाज तेवढाच होता. माइकसमोर बोलायला ते लाजायचे, त्यामुळे एक खोकला आणि दोन शब्द हाच त्यांचा घरातला ठेवा. तो मी कचरा म्हणून काढला होता.

नंतर बरेच महिने मी नातेवाइकांकडे विचारत होतो. शेवटी उज्जैनच्या आत्यानं सांगितलं, की तिनं लग्नाआधी त्या कॅसेटची नक्कल करून घेतली होती, पण ती खराब आहे, आईचा आवाज त्यात लहान मुलीसारखा येतो. मी त्याच रविवारी उज्जैनला गेलो. आत्याच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली ती मिळाली. आवाज खरोखरच चिमुरडीचा होता. नक्कल करणारं मशीन सावकाश फिरलं होतं, 'काइंड ऑफ ब्लू'सारखंच.

वेग किती चुकलाय हे कसं शोधायचं? इथे ती खरखरच कामाला आली. विजेवर चालणाऱ्या यंत्राची एक बारीक घुंईं टेपवर उतरते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून ती घुंईंही साधारण ५० हर्ट्झची असायला हवी. माझ्या कॉम्प्युटरवर ती ५२ च्या जवळ दिसत होती. म्हणजे टेप अंदाजे चार टक्के जलद. त्या काळी वीज नेमकी ५० वर कुठे असायची, त्यामुळे हा अंदाजच. पण अण्णांची पेटी अजून माडीवर आहे. वेग थोडा थोडा कमी करत गेलो, दादा पेटीवर आजीचा सा धरून बसला, आणि एका जागी दोन्ही सूर एकमेकांत मिसळले. २०१४ मध्ये मी हीच घुंईं सर्वांत आधी पुसली होती.

अकराव्या मिनिटाला खोकला येतो. बाबांनी ऐकला. पुन्हा लाव म्हणाले. तिसऱ्यांदा ऐकताना दादा हळूच म्हणाला, "बाबाकाका, अण्णा समेवर खोकलेत." खरंच, बरोबर समेवर. बाबा इतके हसले की डोळे पुसावे लागले. त्यानंतरच्या शनिवारपासून आमची बैठक सुरू झाली.

तुमच्याही घरात माळ्यावर, ट्रंकेत अशा कॅसेट असतीलच. बारशाच्या, मुंजीच्या, कोणाच्या तरी गाण्याच्या. चुंबकीय टेप कायम टिकत नाही, आणि त्या वाजवणारी यंत्रंही आता दुर्मिळ होत चालली आहेत. तेव्हा या सुटीत हे काम हाती घ्याच. फक्त माझ्यासारखं करू नका. आधी टेप जशी आहे तशी, खरखरीसकट, वॅव्ह फाइलमध्ये उतरवा. एमपीथ्रीमध्ये नको, त्यात जागा वाचवण्यासाठी बारीकसारीक आवाज गाळले जातात. त्या फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि त्यांना हात लावू नका. साफसफाई करायची हौस असेल तर ती तिसऱ्या प्रतीवर करा. घरातल्या मोठ्यांना सोबत बसवून कोण गातंय, मागे कोण बोलतंय, साल कोणतं, हे लिहून घ्या. गौहर जान यांनी स्वतः सांगून ठेवलं होतं, आपल्या आज्यांनी नाही. आणि मूळ कॅसेट टाकू नका.

गेल्या शनिवारी पुन्हा माझी पाळी होती. मी आत्याची कॅसेट लावली. काकांनी नियमाप्रमाणे विचारलं, अल्बमचं नाव काय? मी डबी पुढे केली. तिच्यावर छापलंय 'इंग्रजी संभाषण, भाग २'. आत्याला कोरी कॅसेट मिळाली नव्हती, म्हणून तिनं शिकवणीच्या कॅसेटवरच नक्कल करून घेतली. आजीची भैरवी संपते, अण्णा पेटीचा भाता सोडतात, आणि पुढच्याच क्षणी एक गृहस्थ खणखणीत इंग्रजीत सांगू लागतात, की आता माझ्यामागून म्हणा.

तोही भाग मी ठेवलाय.